आईच्या निवृत्तीचे पैसे आणि सल्लागाराचा शोध

जिल्हा परिषदेच्या शाळेतला शिक्षक ५८व्या वर्षी निवृत्त होतो, आणि ती तारीख घरच्यांइतकीच गावातल्या विमा एजंटांनाही पाठ असते. आई कराड तालुक्यातल्या एका शाळेतून ३१ मे २०२५ रोजी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. निरोप समारंभाचे फोटो गावच्या ग्रुपवर पडले आणि लगेच घरी माणसांची ये-जा सुरू झाली. उपदान (ग्रॅच्युइटी), अंशराशीकरण (पेन्शनचा काही भाग विकून एकदम मिळणारी रक्कम), भविष्य निर्वाह निधी आणि गटविमा मिळून ४५ लाखांच्या घरात रक्कम येणार होती. आमच्या घरात एवढे पैसे एका वेळी कधी आले नव्हते, पुढेही येणार नाहीत. आण्णा, म्हणजे वडील, साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. त्यांची पेन्शन महिन्याला दोन हजारांच्या आसपास. म्हणजे दोघांचं पुढचं सगळं आयुष्य आईची पेन्शन आणि ही एकरकमी पुंजी यांवर उभं.

सगळ्यांत आधी आला तो आण्णांच्या मामेभावाचा मुलगा, विमा एजंट. मग आईचं पगाराचं खातं होतं त्या बँकेतून एक तरुण अधिकारी आला, सोबत गुळगुळीत कागदावरचं माहितीपत्रक. पतसंस्थेचे एक संचालक आले, आण्णांचे चाळीस वर्षांचे स्नेही. आईच्या एका सहकारी बाईंचे यजमान आले आणि मोबाइलवर एक ॲप दाखवून म्हणाले, महिन्याला ५ टक्के कुठे गेले नाहीत. त्या आधीच्या जानेवारीत दादरच्या टोरेसच्या दुकानाबाहेर, आठवड्याला व्याज मिळेल म्हणून पैसे गुंतवून फसलेल्या लोकांची गर्दी आम्ही टीव्हीवर पाहिली होती. तेव्हा त्यांना चहा देऊन निरोप देणं सोपं गेलं. बाकीच्यांना नाही म्हणणं अवघड होतं.

अवघड अशासाठी की ही माणसं वाईट नव्हती. मामेभावाचा मुलगा आण्णांच्या आजारपणात मध्यरात्री गाडी घेऊन आला होता. संचालक काकांनी माझ्या लग्नात पंगतीत वाढलं होतं. ओळखीचा माणूस आहे, फसवणार नाही, यावरच आपल्याकडे पैशांचे निर्णय होतात. पण इतक्या जणांशी बोलणं झालं तरी एकानेही आईला विचारलं नाही की तुमचा महिन्याचा खर्च किती, औषधांना किती जातात, कर्ज आहे का. प्रत्येकाकडे उत्तर तयार होतं, आणि ते नेमकं तो विकत होता तेच होतं.

बँकेतल्या मुलाची योजना आईला पटत आली होती, म्हणून तिच्यावर जरा वेळ घालवला. वर्षाला ५ लाख, पाच वर्षं भरायचे आणि दहाव्या वर्षाअखेर ३५ लाख, तेही ‘गॅरंटीड’. वर विम्याचं संरक्षण. तो म्हणाला, २५ लाखांवर १० लाख फायदा, म्हणजे ४० टक्के. आकडे खोटे नव्हते. मी पुण्यात एका कंपनीत पगारपत्रकाचं काम करते, त्यामुळे एक्सेल हाताखालचं आहे. रविवारी आईला शेजारी बसवून कोणत्या वर्षी किती पैसे जातात आणि शेवटी किती येतात ते ओळीने मांडलं आणि परताव्याचं सूत्र लावलं. उत्तर आलं वर्षाला साधारण ४.३ टक्के. आईने तीस वर्षं मुलांना सरळव्याज-चक्रवाढव्याज शिकवलं आहे. तिने चष्मा वर करून आकडा पुन्हा वाचला आणि विचारलं, “मग साधी बँकेची ठेव काय वाईट होती?”

आम्हाला सल्ला हवा होता, एवढं त्या दिवशी नक्की झालं. सल्ला नेमका कोण देतं, हे त्यानंतर शोधायला घेतलं.

मला जे उमगलं ते असं. म्युच्युअल फंड विकणाऱ्याला ‘ॲम्फी’ या फंड कंपन्यांच्या संघटनेकडून नोंदणी मिळते, त्याला एआरएन क्रमांक म्हणतात. त्याला आपण हातात काही देत नाही. फंड कंपनी त्याला कमिशन देते, आणि ते एकदाच नाही, आपले पैसे तिथे असेपर्यंत वर्षानुवर्षं. हे कमिशन फंडाच्या खर्चातून, म्हणजे आपल्याच पैशांतून जातं. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक योजनेला कमिशन नसलेला ‘डायरेक्ट’ प्रकार ठेवणं सेबीने, म्हणजे शेअर बाजार आणि फंडांवर देखरेख ठेवणाऱ्या नियामकाने, बंधनकारक केलं. शेअर बाजारातल्या फंडांत दोन प्रकारांच्या खर्चात बहुतेकदा अर्धा ते एक टक्का फरक असतो. विम्याच्या पारंपरिक पॉलिसीत तर एजंटाचा सगळ्यांत मोठा वाटा पहिल्याच वर्षाच्या हप्त्यातून निघतो. म्हणून नवी पॉलिसी काढून द्यायची एवढी घाई असते.

आणि तिसरा प्रकार म्हणजे सेबीच्या २०१३च्या नियमांखाली नोंदणी झालेला गुंतवणूक सल्लागार. त्याचा क्रमांक आयएनए या अक्षरांनी सुरू होतो. त्याने फी फक्त ग्राहकाकडून घ्यायची. ज्या कुटुंबाला तो फी घेऊन सल्ला देतो, त्याच कुटुंबाला कमिशनवर काही विकता येत नाही. फीलाही मर्यादा आहे: ठराविक रकमेची फी असेल तर एका कुटुंबामागे वर्षाला जास्तीत जास्त १ लाख ५१ हजार, आणि मालमत्तेच्या टक्क्यांवर असेल तर वर्षाला अडीच टक्क्यांपर्यंत. असे सल्लागार देशभरात मिळून हजाराच्या आसपास आहेत. एकट्या एलआयसीचे एजंट १४ लाखांच्या आसपास असतील. कराडच्या माणसाला ‘सल्लागार’ म्हटल्यावर एजंटच का आठवतो, याचं उत्तर मला या दोन आकड्यांतच मिळालं.

सेबीच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त मध्यस्थांची यादी आहे, त्यात गुंतवणूक सल्लागारांचा वेगळा विभाग आहे. नाव, नोंदणी क्रमांक, पत्ता, ई-मेल सगळं तिथे मिळतं. आमच्या जवळपासचं नाव मला त्यात सापडलं नाही. मुंबई, पुणे, बंगळूर हीच शहरं पुन्हा पुन्हा येत होती. मी पुण्यातली नावं वेगळी काढली. यादी चाळताना एक गोष्ट पक्की केली: संपर्क करायचा तो यादीतल्याच ई-मेलवर. कारण त्याच सुमारास व्हॉट्सॲपवर एक संदेश आला होता, त्यात खराखुरा नोंदणी क्रमांक होता आणि खाली शेअरच्या ‘टिप्स’. तो क्रमांक ज्यांचा होता त्यांना यादीतल्या पत्त्यावर विचारलं, तर उत्तर आलं की आमचा या ग्रुपशी काही संबंध नाही, आमचं नाव वापरून कोणीतरी हे चालवतं आहे. क्रमांक खरा असणं पुरेसं नाही. समोर बसलेला माणूसच त्या क्रमांकाचा आहे का, हेही बघावं लागतं.

मग बोलणी सुरू झाली. एका गृहस्थांच्या कार्डावर ठळक अक्षरांत ‘वित्तीय सल्लागार’ होतं. नोंदणी क्रमांक विचारला तर त्यांनी एआरएन पाठवला. सेबीची सल्लागार म्हणून नोंदणी नसताना फंड वितरकाने स्वतःला सल्लागार म्हणवून घेऊ नये असा नियम आहे, हे मला तोवर ठाऊक झालं होतं, त्यामुळे तिथेच थांबले. एका मोठ्या कार्यालयातून नम्रपणे कळवण्यात आलं की दोन कोटींच्या आतल्या कुटुंबांचं काम ते घेत नाहीत. हे मला आवडलं. वेळ गेला नाही. आणखी एकांची नोंदणी, फी, कागदपत्रं सगळं चोख होतं, पण पूर्ण बोलणं त्यांनी इंग्रजीत आणि माझ्याशी केलं. पैसे आईचे, आई शेजारी बसलेली, आणि तिला एकही प्रश्न नाही. मी दोनदा विषय तिच्याकडे वळवून पाहिला. ते पुन्हा माझ्याकडे वळले. फोन ठेवल्यावर आई म्हणाली, “हुशार आहेत, पण हे मला काय समजावणार?” तिचं म्हणणं शेवटचं मानलं. पैशांचा सल्ला ज्याचे पैसे आहेत त्याला त्याच्या भाषेत कळला नाही, तर उद्या बाजार पडल्यावर तो माणूस घाबरून सगळं मोडून टाकणार, आणि तेव्हा मी पुण्यात असणार.

ज्यांना आम्ही अखेर निवडलं ते एकटेच काम करतात. आधी बँकेत नोकरी, मग स्वतःचा हा व्यवसाय. पहिलं बोलणं व्हिडिओ कॉलवर झालं. आईने वही समोर ठेवली होती. नमस्कार-चमत्कार झाल्यावर तिने थेट विचारलं, “राग मानू नका, पण तुमचं पोट कशावर चालतं?”

मला क्षणभर संकोच वाटला. ते मात्र सरळ म्हणाले, “बाई, तुमच्यासारख्या घरांनी दिलेल्या फीवर. कोणत्याही कंपनीकडून एक रुपया येत नाही. करारात तसं लिहून देतो.”

“घरात कोणी विमा वगैरे विकतं?”

“नाही. बायको शाळेत शिकवते.”

आईने वहीत काहीतरी लिहिलं. पुढे तिने विचारलं की आमचे ४५ लाख कुठे ठेवावेत असं तुम्हाला वाटतं. त्यांनी सांगितलं की करारावर सह्या झाल्याशिवाय आणि तुमची जोखीम पेलायची तयारी तपासल्याशिवाय मला सल्ला देताच येत नाही, नियमच तसा आहे. आणि नियम नसता तरी इतक्यात काय सांगणार, मला तुमच्या घराबद्दल काहीच माहीत नाही. इतके दिवस येणारे सगळे चहा गार व्हायच्या आत ४५ लाखांची विल्हेवाट लावत होते. नेमकं याच उत्तरावर माझं मन बसलं.

फी पहिल्या वर्षाला २५ हजार, पुढे दरवर्षीच्या आढाव्याला १२ हजार. हे ऐकून आण्णा बिथरले. त्यांचा विरोध मला समजत होता. आयुष्यभर ज्याने सल्ल्याला पैसे दिले नाहीत, त्याला बोलण्याचे २५ हजार कसे पटणार? “एजंट फुकट सांगतो, बँकवाला फुकट सांगतो, आणि हा माणूस नुसता तोंडाने सांगायचे पैसे घेणार, वर काम आपणच करायचं?” दोन दिवस ते या विषयावर बोललेच नाहीत.

त्यांना पटलं ते त्यांच्याच कामातून. आमच्या भागात ऊसवाल्यांचं कारखान्याशी सगळ्यांत जुनं भांडण काट्याचं. ट्रॉली कारखान्याच्या काट्यावर जाते, वजन कारखाना सांगतो, पैसेही त्यावरच. म्हणून शेतकरी बाहेरच्या काट्यावर पदरचे पैसे मोजून आधी वजन करून घेतो. आण्णांनी हे भांडण काट्याच्या आतल्या बाजूने वर्षानुवर्षं पाहिलेलं. मी म्हटलं, आण्णा, फुकटचा सल्ला म्हणजे कारखान्याचा काटा आहे. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “काटा ज्याचा, वजन त्याचं.” आणि आईला म्हणाले, “दे त्याला पैसे.”

मी त्यांना आकडाही मांडून दाखवला होता. समजा ८ लाख फंडात कमिशनच्या मार्गाने गेले आणि खर्चात एक टक्क्याचा फरक पडला, तर वर्षाला ८ हजार जातात. ते कुठल्या पावतीवर दिसत नाहीत, आणि रक्कम वाढेल तसे तेही वाढतात. दिसणारी फी माणसाला टोचते, न दिसणारी टोचत नाही, एवढाच दोहोंतला फरक आहे.

करार मी शब्द न् शब्द वाचला. काय काम करणार, फी किती, कधी, त्यांना आमच्या खात्यांवर कसलाही अधिकार नाही, पैसे कधीही त्यांच्या खात्यात जाणार नाहीत, परताव्याची कसलीही हमी नाही. मध्येच करार मोडला तर उरलेल्या काळाची फी परत, त्यातून जास्तीत जास्त एका तिमाहीची रक्कम त्यांना ठेवता येते. तक्रार असेल तर आधी त्यांच्याकडे, मग सेबीच्या ‘स्कोअर्स’ या तक्रारींच्या संकेतस्थळावर. फी एका वर्षापेक्षा जास्त आगाऊ घेता येत नाही. आम्ही फी आईच्या खात्यातूनच दिली, धनादेशाने. नोंदणी ज्या नावाने आहे त्याच नावावर.

मग आली प्रश्नावली, आणि तिच्यामागोमाग लांबलचक बोलणं. जोखमीबद्दलचे प्रश्न मी ऐकले होते: बाजार २० टक्के पडला तर काय कराल, वगैरे. आईने उत्तर दिलं, “झोप लागणार नाही.” आण्णांनी दिलं, “काही करणार नाही, थांबणार.” सल्लागारांनी दोन्ही उत्तरं वेगवेगळी लिहून घेतली आणि सांगितलं की पैसे बाईंचे आहेत, म्हणून बाईंची झोप धरून चालू.

पण मला आजही आठवतो तो वेगळाच प्रश्न. त्यांनी आईच्या निवृत्तिवेतनाचा आदेश मागवून घेतला होता. तो वाचून त्यांनी अगदी साध्या सुरात विचारलं, “बाई आधी गेल्या, तर आण्णांच्या हातात महिन्याला किती येतील?”

आमच्याकडे असा प्रश्न कोणी तोंडाने विचारत नाही. आई मात्र अजिबात दचकली नाही. आईचं शेवटचं मूळ वेतन ७० हजार, पेन्शन त्याच्या निम्मी, ३५ हजार. त्यातला ४० टक्के भाग अंशराशीकरणात विकल्यामुळे १५ वर्षं हातात २१ हजार आणि त्यावर पूर्ण ३५ हजारांवरचा महागाईभत्ता. ती गेली तर आण्णांना कुटुंब निवृत्तिवेतन, सुरुवातीची काही वर्षं सोडली तर मूळ वेतनाच्या ३० टक्के, म्हणजे २१ हजार आणि त्यावरचा भत्ता. अंशराशीकरणाची कपात त्याला लागत नाही. हे सगळं त्यांनी कागदावर मांडल्यावर दिसलं की दोघांपैकी कोणीही मागे राहिलं तरी रोजचा खर्च पेन्शनमधूनच निघतो. मग एकरकमी पैशांनी वेडीवाकडी धाव घ्यायची गरजच नव्हती. त्यांनी सुचवलेला आराखडा याच एका निष्कर्षावर उभा होता. इतक्या माणसांपैकी पेन्शनचा कागद मागणारे ते एकटेच.

आराखडा साधा निघाला. ३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. तेव्हा दर ८.२ टक्के होता, आणि खातं उघडताना असलेला दर पाच वर्षं बदलत नाही. दर तिमाहीला ६१,५०० रुपये. खातं आण्णांसोबत संयुक्त, म्हणजे उद्या आई नसली तरी ते चालू ठेवता येतं. घराच्या दुरुस्तीला ४ लाख. ३ लाख राष्ट्रीयीकृत बँकेत, हात घातला की मिळतील असे. उरलेले ८ लाख दहा वर्षांहून जास्त काळासाठी, हळूहळू, दर महिन्याला ठराविक रक्कम शेअर बाजाराच्या निर्देशांकामागे चालणाऱ्या (इंडेक्स) फंडाच्या डायरेक्ट प्रकारात. महागाईभत्ता पेन्शनवर वाढतो, व्याजावर वाढत नाही, त्याची थोडी भरपाई म्हणून. आयकराची आईला धास्ती होती. पेन्शन आणि व्याज धरूनही तिचं उत्पन्न नव्या करप्रणालीतल्या १२ लाखांच्या करमुक्त मर्यादेच्या बरंच आत होतं, त्यामुळे तीही मिटली.

जुन्या पॉलिसीही त्यांनी तपासल्या. एका पॉलिसीला दोनच वर्षं राहिली होती, ती चालू ठेवायला सांगितली. मला वाटलं होतं, विम्याला सरसकट नावं ठेवणारा माणूस असेल. तसं नव्हतं.

ज्येष्ठ नागरिक योजनेच्या वेळी फीचे पैसे मला एकदम वसूल झाल्यासारखे वाटले. आई ५८ वर्षांची. ज्या बँकेत आम्ही खातं उघडायला गेलो तिथल्या काउंटरवर सांगण्यात आलं की वय ६० पूर्ण नाही, होणार नाही. सल्लागारांनी आधीच बजावून ठेवलं होतं की असं होऊ शकतं. ५५ ते ६० या वयात निवृत्त झालेल्याला हे खातं उघडता येतं. अट अशी की निवृत्तीचे लाभ हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत उघडायचं, आणि रक्कम त्या लाभांपेक्षा जास्त नको. पूर्वी ही मुदत एकच महिन्याची होती, नोव्हेंबर २०२३ मध्ये ती तीन महिने झाली. आईने पंचायत समितीच्या शिक्षण विभागातून निवृत्तीचं आणि मिळालेल्या रकमांचं प्रमाणपत्र आधीच आणून ठेवलं होतं, ते पुढे केलं. व्यवस्थापकांनी नियम काढून वाचला आणि खातं उघडलं. मुदत हुकली असती तर आईला ६० होईपर्यंत थांबावं लागलं असतं, आणि तेव्हा दर काय असेल कोणास ठाऊक.

पतसंस्थेचा प्रश्न मात्र सगळ्यांत नाजूक होता. आण्णांच्या नावावर तिथे काही ठेवी जुन्याच होत्या, आणि संचालक काकांची अपेक्षा होती की आईच्या पैशांतलाही मोठा भाग तिथे येईल. व्याज बँकेपेक्षा जास्त होतं. सल्लागारांनी पतसंस्थेविषयी वाईट एक शब्द काढला नाही. त्यांनी एवढंच सांगितलं की बँकेतल्या ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत ठेव विमा महामंडळाचं संरक्षण असतं, सहकारी बँकेतही असतं. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. आण्णांना वाटत होतं, ‘सहकारी’ म्हटलं की सगळं एकच. त्यांनी स्वतः संस्थेत जाऊन विचारलं, तिथेही तेच उत्तर मिळालं.

मग काकांना काय सांगायचं? आण्णा दोन-तीन संध्याकाळी याच विचारात होते. शेवटी त्यांनी ठरवलं की ठेवी एकदम मोडायच्या नाहीत, मुदत संपेल तशी एकेक काढून घ्यायची. आणि स्नेहापोटी जेवढी रक्कम बुडाली तरी घर हलणार नाही, तेवढी तिथे राहू द्यायची. सल्लागार म्हणाले, आकडा तुम्ही ठरवा, मी तो हिशोबात शून्य धरतो. मला ही तोड फार आवडली. गावात राहणाऱ्या माणसाला नाती सोडून पैशांचा विचार करता येत नाही, आणि ज्याला हे कळत नाही त्याचा सल्ला गावात टिकणार नाही. काकांना आण्णांनी स्वतः जाऊन सांगितलं. ते थोडे नाराज झाले, पण यात्रेला नेहमीसारखे जेवायला आले.

मामेभावाच्या मुलालाही काम मिळालं. आई-आण्णांचा आरोग्यविमा घ्यायचाच होता, आणि दवाखान्यात दाखल व्हायच्या वेळी धावपळ करणारा गावातला माणूस हवा, म्हणून तो त्याच्यामार्फत घ्यायचा हे सल्लागारांनीच सुचवलं. कोणती पॉलिसी, किती रकमेची, जुन्या आजारांसाठी थांबायची मुदत किती, हे त्यांनी ठरवून दिलं. कमिशन त्या मुलाला. सेवेच्या बदल्यात दिलेल्या कमिशनला माझी काहीच हरकत नाही. कोण काय घेतं ते आम्हाला माहीत असावं, एवढंच.

आता आईच्या शाळेतल्या पुढच्या निवृत्त होणाऱ्या बाई तिच्याकडे येतात. ती त्यांना आधी पेन्शनचा आदेश आणि तीन महिन्यांचा घरखर्च लिहून आणायला सांगते, मग सेबीची यादी कशी उघडायची ते मोबाइलवर दाखवते. आमच्या सल्लागारांचं नाव ती विचारल्याशिवाय सांगत नाही. तिचं म्हणणं, प्रत्येकीने स्वतः प्रश्न विचारून बघावा.

आमचं मृत्युपत्र तेवढं अजून राहिलं आहे. सगळ्या खात्यांवर नामनिर्देशन झालं, पण घर आणि आण्णांची दीड एकर यांचं काय, यावर भाऊ, मी, आई, आण्णा असे चौघे बसायचे आहोत. सल्लागारांनी स्पष्ट सांगितलं की हे माझं काम नाही, वकील गाठा. कराडच्या एका वकिलांशी आई बोलली आहे. पहिल्या वर्षाचा आढावा त्याआधी येईल, आणि त्यासाठी आईच्या वहीत प्रश्न लिहून झाले आहेत. पहिलाच प्रश्न आण्णांचा आहे: फंडातले पैसे या वर्षात कमी झाले असतील, तर फीचं काय?